चॅपेलातील जुन्या वह्या

राजांच्या आणि सरदारांच्या वंशावळी इतिहासग्रंथांत सापडतात. पण खाणीत कोळसा खोदणाऱ्याचा किंवा मागावर कापड विणणाऱ्याचा पणजा कोण होता, हे कोठे पाहावे? इंग्लंडातील अनेक कुटुंबांना या प्रश्नाचे उत्तर मेथडिस्ट चॅपेलांच्या जुन्या नोंदवह्यांत मिळते. चॅपेल म्हणजे साधे, लहानसे प्रार्थनामंदिर.

गावोगावच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम इंग्लंडात १५३८ साली निघाला होता. पुढे अठराव्या शतकात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने मेथडिस्ट पंथाचा पाया घातला. तो उघड्या माळावर प्रवचने करी व ती ऐकावयास कष्टकरी माणसे मोठ्या संख्येने जमत. आरंभी हे लोक मुलांना बाप्तिस्म्यासाठी गावच्या चर्चमध्येच नेत. वेस्ली १७९१ साली निधन पावला. त्यानंतर चॅपेलांतून बाप्तिस्मे देण्याची रीत वाढली आणि त्यांच्या वेगळ्या वह्या तयार झाल्या.

या वह्यांचे विशेष मोल आईच्या नोंदीत आहे. गावच्या चर्चच्या वहीत बहुधा आईचे केवळ पहिले नाव असे. मेथडिस्टांच्या वहीत पुष्कळदा तिचे माहेरचे आडनावही आढळते. १८१८ साली वेस्लीच्या अनुयायांनी लंडनमध्ये एक मध्यवर्ती नोंदणी कचेरी काढली. तेथील दाखल्यात तर आईच्या आईवडिलांचीही नावे लिहीत. एका कागदावर तीन पिढ्या! दाखल्याची एक प्रत कचेरीत राही व दुसरी आईबापांकडे परत जाई. हा खटाटोप व्यर्थ नव्हता. जन्माचा पुरावा नसेल, तर वारसाहक्क सिद्ध करणे कठीण. आणि न्यायालये चॅपेलांच्या वह्यांना चर्चच्या वह्यांइतका मान देत नसत. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सरकारी जन्ममृत्युनोंद सुरू झाली. सरकारने चॅपेलांच्या जुन्या वह्या मागवून घेतल्या आणि १८४० च्या कायद्याने त्या पुरावा म्हणून ग्राह्य ठरविल्या. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात त्या आज जतन केलेल्या आहेत.

तथापि या वह्या वाचणे वाटते तितके सोपे नाही. मेथडिस्ट धर्मोपदेशक एके ठिकाणी राहत नसे. अनेक गावांचे मिळून एक मंडळ असे व त्यात तो फिरत राही. त्यामुळे खेड्यात जन्मलेल्या मुलाची नोंद दूरच्या शहरातील वहीत निघते. एका गावात एकाच नावाची तीन-चार माणसेही असावयाची! तेव्हा नुसते नाव जुळले, एवढ्यावरून तो आपलाच पूर्वज, असे म्हणता येत नाही. फारच थोड्या चॅपेलांना स्वतःची दफनभूमी होती. म्हणून मृत्यूची नोंद गावच्या चर्चमध्ये शोधावी लागते.

विवाहाचेही तसेच. १७५४ ते १८३७ या काळात मेथडिस्टांनाही कायद्याने चर्चमध्येच विवाह करावा लागे. त्या वहीत वधूवरांच्या सह्या असतात. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांच्या नावाशेजारी केवळ एक फुली दिसते.