अल्जिनेटचे मणी : जठरात आकसणारे, आतड्यात फुगणारे

स्वतः न विरघळता वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकांच्या जाळ्याला हायड्रोजेल म्हणतात. भोवतालच्या सामूप्रमाणे, म्हणजे आम्लतेच्या मापाप्रमाणे, हे जाळे फुगत किंवा आकसत असेल, तर ते सामू-संवेदी ठरते. अशा नैसर्गिक बहुवारिकांपैकी अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशैवालातून मिळते आणि त्याचा शोध १८८१ मध्ये ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने लावला.

अल्जिनेटची साखळी मॅन्युरोनिक आणि ग्युलुरोनिक या दोन आम्लांच्या एककांची बनलेली असते. औषध मिसळलेले सोडियम अल्जिनेटचे द्रावण सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब-थेंब सोडले, की ग्युलुरोनिक आम्लाच्या सलग पट्ट्यांमध्ये कॅल्शियमचे आयन अंड्यांच्या ट्रेमधील अंड्यांसारखे बसतात, साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि थेंबाचा मणी होतो. या कृतीत उष्णता लागत नाही की सेंद्रिय द्रावकही लागत नाही, म्हणून इन्सुलिनसारखी नाजूक प्रथिने भरण्यासाठी ती विशेष सोयीची आहे.

जठरातील सामू साधारण १ ते ३ असतो. तेथे साखळीवरील कार्बॉक्सिल गट हायड्रोजन धरून ठेवतात, त्यांच्यावर विद्युतभार राहत नाही आणि मणी आकसतो. लहान आतड्यात सामू ६ ते ७.४ पर्यंत चढतो, तेव्हा हेच गट ऋणभारित होऊन एकमेकांना दूर ढकलतात, पाणी आत शिरते आणि औषध बाहेर झिरपू लागते.

मात्र सारे श्रेय सामूलाच देणे बरोबर नाही. प्रयोगशाळेत आतड्याची परिस्थिती उभी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रावणातील फॉस्फेट मण्यातील कॅल्शियम ओढून घेते आणि सोडियम त्याची जागा घेते, त्यामुळे गाठीच सुटून मणी विरघळतो. म्हणून अशा प्रयोगातील आकडे सावधपणेच वाचावे लागतात. शिवाय जाळ्याची छिद्रे मोठी असल्याने लहान रेणूंचे औषध मणी बनतानाच गळते. त्यावर उपाय म्हणून कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून केलेल्या कायटोसानचा लेप देतात. त्याचे धनभारित अमिनो गट ऋणभारित अल्जिनेटला घट्ट चिकटतात.

औषधनिर्मितीत मोठी अडचण कच्च्या मालाची असते, कारण दोन्ही आम्लांचे प्रमाण शैवालाच्या जातीनुसार, वयानुसार आणि ऋतूनुसार पालटते. लॅमिनारिया हायपरबोरिया या एकाच शैवालाच्या देठातील अल्जिनेटमध्ये ग्युलुरोनिक आम्ल पात्यातल्यापेक्षा अधिक असते, आणि म्हणून देठाच्या अल्जिनेटचा मणी अधिक कडक, पण अधिक ठिसूळ होतो.