घर दोघांनी सजवावे



घटस्थापनेला आठ दिवस उरले होते. उजनीच्या फुगवट्याकाठी, इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी डाळिंबाची बाग पाहायला गेलो होतो. फळांवर तेल्याचे डाग दिसू लागलेत, असा निरोप होता. बागेत कोणी नव्हते, म्हणून घराकडे वळलो. पाहतो तो बागेचे मालक शिडीवर चढून भिंतीला चुना देताहेत आणि खाली त्यांच्या कारभारीणबाई फडक्यातून चुना गाळताहेत. मला पाहताच गड्याने कुंचला पाठीमागे लपवला. "काय नाय सायेब, हिला जरा हात लावत व्हतो," म्हणाला आणि चोरी सापडल्यासारखा हसला.

आता गंमत पाहा. तोच चुना मोरचुदात मिसळून डाळिंबाच्या खोडाला बोर्डो पेस्ट म्हणून तो लावत असता, तर त्याने मला लांबूनच हाक मारली असती. चुना तोच, हात तोच. झाडाच्या खोडाला लावला की ते शेतीचे काम, आणि घराच्या भिंतीला लावला की लपवायचे काम! तो लपवलेला कुंचला काही माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून आजचा लेख पिकावर लिहीत नाही, घरावर लिहितो.

आधी चुन्याचेच सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची फजिती आहे. गेली कित्येक वर्षे मी गावोगाव सांगत आलो, की बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका, प्लॅस्टिकची बादली घ्या. हे बरोबरच आहे. मोरचूद लोखंड खातो. पण घरी भिंती रंगवायला काढल्या तेव्हा मी त्याच सवयीने चुनकळीदेखील प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली आणि वर पाणी ओतले. चुनकळी फुलताना केवढी तापते हे बी.एस्सी.ला शिकलो होतो, पण ते त्या वेळी आठवले नाही. बादली बसली ती बसलीच, आणि चुना अंगणभर. आमच्या सौ. ओसरीवरून म्हणाल्या, "लोकांना तुम्हीच शिकवता ना?"

तर चुनकळी लोखंडी पिंपात किंवा जुन्या घमेल्यात फुलवावी. आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडावी. चुनकळीवर पाणी ओतू नये, उडते. पोरेबाळे त्या वेळी जवळ नकोत. डोळ्यात चुना गेला तर चोळत बसू नका, वीस मिनिटे तरी स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तडक दवाखाना गाठा. चुन्याने दृष्टी जाते. फुललेला चुना रात्रभर मुरू द्यावा, सकाळी फडक्यातून गाळावा, त्यात मूठभर मीठ आणि विरघळवलेला डिंक घालावा, म्हणजे अंगाला कपड्याला पांढरे लागत नाही. पांढरेपणा खुलवायला नीळ चिमूटभर पुरे. भिंत आधी पाण्याने ओली करावी. पहिला हात ताकासारखा पातळ द्यावा. लावताना भिंत दिसतच राहते आणि माणूस घाबरून चुना दाट करतो, इथेच चुकते. चुना वाळताना हवेतला कर्बवायू घेतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट व पांढरा होतो. दाट थराला तेवढी सवड मिळत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. दोन पातळ हात पुरतात, फार तर तीन. ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही, तिथे खटपट करू नका.

त्या गड्याचा कुंचला बांधावरच्या घायपाताचा होता. त्यानेच ठेचून, धुऊन, वाळवून बांधलेला. बाजारच्या ब्रशापेक्षा चुना जास्त धरत होता. आणि खालच्या दोन हातांचा पट्टा बाईंनी काव कालवून आधीच ओढून ठेवला होता, दोरी धरून, अगदी सरळ. घराची चौकट जुन्या गावातली. १९८० साली उजनीचे धरण झाले, त्या काळात या काठची गावे उठली, तेव्हा लोकांनी चौकटी, तुळया, खण उतरवून गाड्यांतून नव्या जागी आणले. यांच्या चौकटीला ती दोघे दर दसऱ्याला आळीपाळीने तेल देतात. बाईंना वरच्या पट्टीपर्यंत हात पुरत नाही आणि त्याला खालचे नक्षीतले खाचे साफ करायचा कंटाळा. असे काम वाटलेले.

चहाबरोबर बाईंनी ताटलीत नानकटाई ठेवल्या. मी विचारले, बारामतीच्या बेकरीतल्या का? तर नाही, घरच्याच.

तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल, पूर्वी दिवाळीच्या आधी तूप, साखर, पीठ डब्यांत घालून शहरातल्या बेकरीत नेत आणि नानकटाई भाजून आणत. रांगेत उभे राहावे लागे, आणि आपल्याच तुपाच्या नानकटाई आपल्याला मिळाल्या की शेजारच्याच्या, याचा वाद घरी येईपर्यंत चाले. बाईंनी तो प्रश्न एका जुन्या पातेल्यात सोडवला आहे. जाड बुडाचे पितळी किंवा ॲल्युमिनियमचे पातेले घ्यावे. तळाला दोन बोटे चाळलेली, धुऊन कडक वाळवलेली वाळू पसरावी, तिच्यावर लोखंडी कडे ठेवावे आणि झाकण घालून वर वरवंटा ठेवावा. मंद आचेवर पंधरा मिनिटे हे तापू द्यावे.

तोवर एक वाटी घट्ट साजूक तूप आणि एक वाटी पिठीसाखर ताटात हाताने फेसायची. साखर त्यांच्याकडे कारखान्याची, सभासदाची. तूप पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत फेसणे हे हात भरून येणारे काम, आणि ते करतो नवरा. मग पाऊण वाटी ज्वारीचे पीठ, पाऊण वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा, मीठ आणि वेलदोडा. पाणी अजिबात नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीचा पाव फुगत नाही. पण नानकटाईला नेमके तेच हवे असते, खुसखुशीतपणा त्यातूनच येतो. मालदांडी ज्वारी असेल तर गोडीही चांगली. गोळे चपटे करून तूप लावलेल्या ताटलीत अंतराने मांडायचे आणि ताटली कड्यावर ठेवायची. वीस-पंचवीस मिनिटांत वरून भेगा पडतात. गरम असताना नानकटाई मऊच लागते, म्हणून आणखी ठेवायचा मोह होतो; ठेवलीत की खालून करपली. बाहेर काढून गार होऊ द्या, आपोआप कडक होते. वाळू पुन्हा पुन्हा वापरता येते.

तुम्ही म्हणाल, साहेब आता याचा जोडधंदा करा म्हणणार. सांगायचेच झाले तर सांगता येईल. बारामतीचे कृषि विज्ञान केंद्र १९९२ सालचे आहे, तिथे चौकशी करा, आणि विकायचे असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते ती करून घ्या. पण प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक शोधायची आम्हा खात्यातल्या लोकांना खोडच लागली आहे. ही दोघे विकत नाहीत. शेजारी देतात, माहेरी पाठवतात, उरल्या की स्वतः खातात. मला ते पुष्कळ वाटले.

ओसरीच्या कोपऱ्यात त्याने कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन रांगेने ठेवल्या होत्या. "बुडं कापून कुंड्या करणार, कडीला टांगणार," म्हणाला. इथे मात्र मी आवाज चढवला, आणि तुम्हालाही चढवूनच सांगतो. औषधाचा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी ती घरात आणायची नाही. कुंडीला नाही, तेलाला नाही, खेळण्याला तर नाहीच. बाटली फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, तिला भोके पाडावीत आणि पाण्याच्या जागेपासून दूर, विक्रेत्याच्या किंवा आमच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे तिची वाट लावावी. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांतही रिकाम्या डब्यांचा पुन्हा वापर होऊ नये म्हणूनच तरतूद आहे. कुंडीच हवी तर नारळाची करवंटी आहे, फुटका माठ आहे. बाईंनी लगेच त्याच्याकडे पाहिले. त्या आधीपासूनच नको म्हणत होत्या म्हणे.

आत दोरीवर धुतलेल्या वाकळा वाळत होत्या. वाकळ शिवणे बाईचे काम खरे, पण थर ताणून धरायला समोर दुसरे माणूस लागतेच. एकटीने घातलेली वाकळ मध्ये गोळा होते. टाके काठाकडून आत आत फिरवत यावे. आजच्या नायलॉनच्या साड्या घाम शोषत नाहीत आणि थरही घसरतात. त्या घ्यायच्याच तर वरच्या बाजूला घ्या. अंगाकडे आणि मध्ये जुने सुती लुगडे, धोतर असू द्या. गड्याने हे काम करावे का, अशी कोणाला शंका असेल, तर आपल्या भागातल्या धनगरी घोंगडीकडे पाहावे. लोकर कातायची बायकांनी, मागावर बसायचे पुरुषांनी, आणि चिंचोक्याची खळ दिल्याशिवाय घोंगडी पुरी नाही. त्यात कोणाचा कमीपणा झाला?

२०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे भरली, पुरुषाची ९७. बाईचे जवळजवळ पाच तास झाले. आणि ही ९७ मिनिटे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. असे पुरुष शंभरात २६ निघाले. शेतातली खुरपणी, दूधदुभते यांचे तास यात धरलेले नाहीत.

दोघांच्या कामाचा हिशेब कसा होतो, हे आपल्याला दर हिवाळ्यात दाराशी पाहायला मिळते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या कारखान्यांवर बीडकडची ऊसतोड कुटुंबे येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोघे तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात; उचल कोयत्यावर मिळते आणि बहुधा गड्याच्या नावावर लिहिली जाते. एकदा संध्याकाळी अशा एका कोपीपाशी मी थांबलो होतो. तो पाचटाने छप्पर शाकारीत होता, ती चुलीला माती लावत होती. दारापुढे चार हात जागा सारवलेली, त्यावर राखेची रांगोळी. पाच-सहा महिन्यांनी मोडायचे घर! तिथे कुंचला लपवायला कोणाला सवड नव्हती.

हे सगळे मी त्या वस्तीवर बोललो. मग सहज विचारले, हे घर कोणाच्या नावावर? तो म्हणाला, माझ्या. बाई नानकटाई डब्यात भरत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याच वस्तीवरची एक लेक-सून नवरा गेल्यावर दोन वर्षे दिराच्या मागे कागदांसाठी फिरते आहे, हे मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक होते.

ग्रामविकास विभागाचा २० नोव्हेंबर २००३ चा शासननिर्णय आहे. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला पती-पत्नी दोघांच्या नावे करता येते. 'घर दोघांचे' या नावाने त्याची मोहीमही पुष्कळ गावांत झाली. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' चालवून हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. एवढे ध्यानात ठेवा, की नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकीचा अखेरचा दाखला नाही. जमिनीचे काम तलाठ्याकडे, सातबाऱ्यावर, वेगळे. पण अडचणीच्या वेळी नमुना ८ वरचे नाव बाईच्या हाताशी असते, आणि नसले की काय होते ते आपण पाहतोच. दोघांनी सहीनिशी अर्ज ग्रामसेवकाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय हलू नये.

"द्या की भाऊसाहेब, कसा लिहायचा त्यो," बाई पहिल्यांदा बोलल्या. मी वहीचे पान फाडून नमुना लिहून दिला. तो वाचत राहिला. मग म्हणाला, "भिंत वाळली की बघू."

तेल्याची फळे तोडून बागेबाहेर पुरायला सांगून मी निघालो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बाग बरी होती. बाटल्यांची रांग गेली होती, कडीला करवंट्या टांगलेल्या होत्या, त्यांत ओवा आणि पुदिना. दाराच्या वर चुन्यावर कावेने दोन नावे लिहिली होती. पहिले त्याचे, दुसरे तिचे, दुसऱ्याचे अक्षर जरा वाकडे. ते तिनेच शिडीवर चढून लिहिलेले.

अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच त्यांनी मला काढून दाखवली, देव्हाऱ्याच्या मागे ठेवली होती.