प्रमाणपत्र नको, गावाचे नाव हवे

१७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाला आजचे रूप दिले ते मुख्यतः परदेशी स्थायिक झालेल्या आयरिशांनी. न्यूयॉर्कच्या मिरवणुकीची परंपरा १७६२ पासूनची आहे. खुद्द आयर्लंडमध्ये या दिवसाची सार्वजनिक सुटी १९०३ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक आपले मूळ आयरिश असल्याचे सांगतात, तर आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे साडेएक्कावन्न लाख भरली.

या तफावतीमागे १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ आहे. करपा रोगाने बटाट्याचे पीक कुजले, खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढले गेले आणि धान्य मात्र बेटाबाहेर जात राहिले. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक परागंदा झाली. १८४१ मध्ये बेटावर ८१ लाखांहून अधिक लोक होते. तो आकडा अजूनही गाठला गेलेला नाही.

परागंदा झालेल्यांच्या वंशजांकडे बहुधा आडनाव आणि परगण्याचे नाव एवढेच उरते. त्यांना हवी असते नेमकी वाडी. आयर्लंडमध्ये अशा साठ हजारांहून अधिक लहान वाड्या-शिवारांची नावे नोंदलेली आहेत. त्यातली आपली शोधायची तर दप्तर लागते आणि घोडे तिथेच अडते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले. शतकांची कागदपत्रे गेली, त्यांत १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग होता. पुढच्या चार जनगणनांची कागदपत्रे सरकारनेच आधी नष्ट केली होती. त्यामुळे संपूर्ण शिल्लक राहिलेली पहिली जनगणना १९०१ ची. दुष्काळात देश सोडलेल्यांचा तीत मागमूस नाही.

वाचल्या त्या मुख्यतः कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या, कारण त्या अभिलेखागारात नव्हे, गावोगावच्या चर्चमध्ये होत्या. जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची पावणेचार लाखांच्या आसपास छायाचित्रे इंटरनेटवर विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी सरकारने २०११ मध्ये सुरू केलेली ‘आयरिश वारसा प्रमाणपत्रा’ची योजना गुंडाळली. शुल्क भरून मिळणारा तो शोभेचा कागद चार वर्षांत तीन हजार लोकांनीही घेतला नाही. वारशाची ओढ खरी असते तेव्हा माणसाला गौरवपत्र नको असते. पणजीचे नाव आणि तिचे गाव हवे असते.

शासनाने ही ओढ कायद्यातही मानली आहे. उत्तर आयर्लंडविषयीच्या १९९८ च्या शांतता करारानंतर बदललेल्या राज्यघटनेत परदेशातील आयरिश वंशाच्या लोकांशी असलेल्या आपुलकीचा उल्लेख आला. आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म बेटावर झाला असेल, तर परदेशात जन्मलेल्या नातवंडाला नोंदणी करून नागरिकत्व मिळते. ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिल्यावर तिथून येणारे असे अर्ज झपाट्याने वाढले. इथे वंशाच्या ओढीला पासपोर्टच्या सोयीची जोड मिळाली.

मुळांचा शोध उलट दिशेनेही जातो. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, आई आयरिश. २०१९ च्या अखेरीस पंतप्रधानपदी असताना वराडकर कुटुंबासह वराडला आले होते.

आजच्या आयर्लंडमधील दर पाच रहिवाशांपैकी एकाचा जन्म परदेशात झाला आहे. डब्लिनमध्ये घरांची तीव्र टंचाई आहे आणि २०२५ मध्ये तिथे भारतीयांवर हल्लेही झाले. परदेशातून मुळे शोधत येणाऱ्यांनी हा देशही पाहायला हवा. स्थलांतराची इतकी जिवंत आठवण जपणाऱ्या समाजाने नव्या स्थलांतरितांना सन्मानाने सामावून घेणे, हा त्या वारशाचाच भाग आहे.