मज्जारोगांचे अध्यापक शार्को

गेल्या वर्षीं शरीरशास्त्राच्या तासाला आम्ही मज्जातंतूंचा धडा शिकवीत असतां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उठून एक प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांचे हात कांपतात. डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें, परंतु तो समूळ बरा होणार नाहीं असेंहि सांगितलें. तेव्हां ज्या रोगास उतारा नाहीं त्याचें नुसतें नांव कळून काय उपयोग, असें त्याचें म्हणणें होतें. इतक्यांत घंटा झाली आणि आम्ही सुटलों. परंतु त्या प्रश्नानें कांहीं आमची पाठ सोडली नाहीं. अशाच रोगांना एकमेकांपासून निवडून काढण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या पॅरिस येथील प्रोफेसर झां मार्तें शार्को यांची हकीकत त्या मुलास सांगावयास हवी होती. ती आतां येथें सांगतों.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील घोडागाड्या बांधण्याचा धंदा करीत. असें सांगतात कीं, चार मुलगे असून एकासच उच्च शिक्षण देण्याची त्यांची ऐपत होती, म्हणून अभ्यासांत जो पुढें येईल त्यास शिकवावें असें त्यांनीं ठरविलें, आणि तो मान झां मार्तें यास मिळाला. मुलगा अबोल होता. चित्रें काढण्याचा त्यास मोठा नाद. पुढें वैद्यकाकडे वळल्यावरहि हातांतली पेन्सिल सुटली नाहीं. रोग्याची बसण्याची ढब, मानेचा कल, बोटांची ठेवण हीं सारीं ते कागदावर उतरून घेत. १८५३ सालीं गाउट व जुनाट संधिवात यांतील भेद दाखविणारा प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले, आणि १८६२ सालीं साल्पेत्रिएर नांवाच्या मोठ्या आश्रयस्थानांत त्यांची वैद्य म्हणून नेमणूक झाली.

या जागेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. येथें पूर्वीं बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. सोऱ्याच्या फ्रेंच नांवावरूनच हें नांव पडलें. १६५६ सालीं चौदाव्या लुईच्या हुकुमानें ती जागा निराश्रितांच्या आश्रयासाठीं देण्यांत आली. शार्को तेथें गेले तेव्हां सुमारें पांच हजार माणसें तेथें राहत होतीं. बहुतेक सर्व गरीब स्त्रिया: कोणी म्हातारपणानें खिळलेल्या, कोणी लकव्यानें पडलेल्या, कोणी फेंपऱ्यानें पीडलेल्या, कोणी वेड्या. बेथेस्दा तळ्यापाशीं अडतीस वर्षें पडून राहिलेल्या मनुष्याची गोष्ट आपण शुभवर्तमानांत वाचतों. तशा माणसांचें हें एक गांवच होतें म्हणाना. पुढें येऊं इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरास तेथें रमण्यासारखें कांहीं नव्हतें. शार्को मात्र रमले. व्हुल्पियां नांवाच्या मित्रास बरोबर घेऊन त्यांनीं एका टोंकापासून आरंभ केला आणि खाटेमागून खाट असें करीत एकेका बाईची तपासणी करून टिपणें लिहिलीं.

या कष्टाचें मर्म असें आहे. साधारण इस्पितळांत रोगी येतो, बरा होतो किंवा घरीं परत जातो, आणि डॉक्टरास त्याच्या रोगाचें एकच पान वाचावयास मिळतें. येथल्या बायका वर्षानुवर्षें तेथेंच राहत आणि तेथेंच मरण पावत. जिवंतपणीं कोणतें लक्षण आधीं दिसलें, कोणतें मागून आलें, हें सर्व नोंदलेलें असे. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदूचे व पृष्ठरज्जूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावयाचे, आणि जुन्या नोंदीशीं ते ताडून पाहावयाचे. बिघाड अमुक जागीं, म्हणून लक्षण अमुक, हा मेळ एकदां बसला म्हणजे पुढच्या रोग्याच्या शरीरांत काय चाललें आहे हें बाहेरून सांगतां येऊं लागतें.

कंपाचेंच उदाहरण घेऊं. त्या काळीं हातपाय कांपणाऱ्या बहुतेक सर्वांना एकाच पंक्तीस बसवीत. शार्को यांच्या लक्षांत आलें कीं, कंप दोन तऱ्हांचा आहे. एका रोग्याचा हात मांडीवर स्वस्थ पडलेला असतां कांपतो, अंगठा व बोटें जणूं गोळी वळीत असतात; परंतु पेला उचलावयास हात पुढें केला कीं कंप पुष्कळ वेळां कमी होतो. दुसऱ्याचें अगदीं उलट: हात स्वस्थ असतां निश्चल, पेला उचलावा तर कंप सुरू होतो, आणि ओंठाजवळ येतां येतां इतका वाढतो कीं पाणी अंगावर सांडतें. हा फरक मागच्या बांकांवरील श्रोत्यांनाहि दिसावा म्हणून शार्को निरनिराळ्या रोगी बायकांच्या डोक्यांवर लांब पिसांच्या टोप्या घालीत. प्रत्येकीचें पीस निराळ्या तऱ्हेनें थरथरे! आम्हांस ही युक्ति फार आवडते. मात्र त्या बिचाऱ्या बायकांना काय वाटत असेल हें कोणीं लिहून ठेवलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पहिल्या तऱ्हेच्या रोगाचें वर्णन जेम्स पार्किन्सन नांवाच्या इंग्लिश डॉक्टरनें १८१७ सालीं केलें होतें, परंतु तें जवळजवळ विसरलें गेलें होतें. त्या रोगास त्या काळीं जें नांव होतें त्याचा अर्थ कंपयुक्त पक्षाघात असा होई. शार्को म्हणाले, यांत पक्षाघात नाहीं, कारण जोर पुष्कळसा शाबूत असतो. कंप देखील प्रत्येकास असतोच असें नाहीं. म्हणून त्या विस्मृत डॉक्टरचेंच नांव रोगास द्यावें. आपण ज्यास कंपवात म्हणतों त्यास सर्व जगांत पार्किन्सनचा रोग म्हणतात तें शार्को यांच्यामुळें.

दुसऱ्या तऱ्हेचा उलगडा होण्यास त्यांच्या घरची एक मोलकरीण कारण झाली. हिचे हात असे कांपत कीं तिला कोणी कामावर ठेवीना. शार्को यांनीं ठेविली. तिनें किती बशा आणि किती पेले फोडले याचा हिशेब नाहीं. परंतु धन्यानें तिला काढली नाहीं, आणि तिच्या रोगाची चाल ते रोज पाहत राहिले. ती वारल्यावर तिच्या मज्जासंस्थेंत ठिकठिकाणीं कठीण झालेले चट्टे आढळले. ही गोष्ट फ्रॉइड यांनीं शार्को यांच्या मृत्युलेखांत सांगितली आहे. मज्जातंतु तारायंत्राच्या तारेसारखा समजावा. आंत निरोप नेणारा धागा, वर मेदाचें वेष्टण. या रोगांत वेष्टण जागोजाग नष्ट होतें, आंतील धागा पुष्कळ वेळां कांहीं काळ टिकून राहतो. हें शार्को यांनीं सूक्ष्मदर्शकांत पाहिलें. तसे चट्टे त्यांच्या पूर्वींहि दोघातिघांनीं पाहून चित्रित केले होते. परंतु चट्टे आणि जिवंत माणसाचा कंप, डोळ्यांचें थरथरणें, तुटक बोलणें यांची गांठ १८६८ सालच्या व्याख्यानांत शार्को यांनीं पक्की बांधून दिली. हाच मल्टिपल स्क्लेरोसिस होय.

स्नायु झिजत जाऊन हात, पाय, जीभ व शेवटीं श्वास थांबविणाऱ्या एका भयंकर रोगाचेंहि त्यांनीं असेंच निदान केलें. पृष्ठरज्जूच्या बाजूच्या पट्ट्या कठीण होतात आणि पुढच्या भागांतील स्नायूंना चालविणाऱ्या पेशी मरतात, असें दाखवून १८७४ सालीं त्यांनीं त्यास नांव दिलें. फ्रान्समध्यें अजून त्यास शार्कोचा रोग म्हणतात. विश्वशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉकिंग यांस १८६३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९६३ सालीं, हाच जातीचा रोग असल्याचें कळलें, आणि ते अपवादानें २०१८ पर्यंत जगले.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. शार्को यांनीं हे रोग बरे केले काय? नाहीं. कंपवाताच्या रोग्यांना ते बेलाडोना वर्गांतील वनस्पतींपासून काढलेलें औषध देत. त्यानें थोडा आराम पडे, इतकेंच. परंतु रोग वेगळा निवडला गेला म्हणून त्याची जागा शोधणें शक्य झालें. १९१९ सालीं पॅरिसमध्येंच त्रेतियाकॉफ यांनीं कंपवातांत मेंदूच्या तळच्या एका काळसर भागांतील पेशी नष्ट झालेल्या असतात असें दाखविलें. १९६० सालीं तेथें डोपामिन नांवाचें द्रव्य कमी पडतें असें व्हिएन्ना येथें सिद्ध झालें. आणि त्याच दशकांत लेव्होडोपा हें औषध रोग्यांना मिळूं लागलें. सगळ्याच कांपणाऱ्यांना एकत्र ठेविलें असतें तर हें औषध कोणास द्यावें हें तरी कसें कळतें? येथें एक मौजेची गोष्ट सांगतों. आपल्या रानांतून जातांना जिच्या शेंगांना अंग लागलें कीं मुलें रडकुंडीस येतात, त्या खाजकुइलीच्या बियांत हेंच लेव्होडोपा असतें, व १९३७ सालीं दोन भारतीय शास्त्रज्ञांनीं तें तींतून वेगळें काढलें होतें. आजोबांच्या गोळ्या तपासून पाहाव्यात. बहुधा हेंच नांव सांपडेल. मात्र बिया चघळावयास देऊं नयेत!

१८८२ सालीं फ्रेंच सरकारनें मज्जारोगांच्या अध्यापनाचें स्वतंत्र आसन शार्को यांच्यासाठीं निर्माण केलें. या विषयाचें जगांतील तें पहिलेंच आसन असें मानतात. दर मंगळवारीं ते पूर्वीं न पाहिलेल्या रोग्यास वर्गासमोर बसवून तेथल्या तेथें तपासीत, आणि चुकलें तर पुढें चूक कबूल करीत. बाबिन्स्की, पिएर मारी, जिल द ला तुरेत हे त्यांचे शिष्य; १८८५ च्या हिवाळ्यांत व्हिएन्नाहून फ्रॉइड आले तेहि याच वर्गांत बसले.

परंतु याच डोळ्यानें एका ठिकाणीं दगा दिला, आणि तो भाग गाळला तर ही हकीकत खरी होणार नाहीं. हिस्टीरियाच्या रोग्यांस लकवा होई, झटके येत, अंग बधिर होई. परंतु शवविच्छेदनांत कांहीं सांपडत नसे. हें ढोंग नव्हे, तो खराच त्रास आहे, आणि तो केवळ स्त्रियांचा नसून अपघातांतून वांचलेल्या धट्ट्याकट्ट्या मजुरांसहि होतो, असें शार्को ठासून सांगत. येथपर्यंत ते बरोबर होते. पुढें त्यांनीं संमोहनाच्या ठराविक तीन अवस्था आहेत असा सिद्धान्त मांडला, आणि त्या त्याच त्या चार-दोन रोगी स्त्रियांवर भरल्या सभागृहांत दाखविल्या जाऊं लागल्या. स्वतः शार्को संमोहन क्वचितच करीत. तयारी सहायक करून ठेवीत. त्या बायकांना काय अपेक्षित आहे हें ठाऊक झालें होतें; शिवाय फेंपऱ्याच्या रोग्यांशेजारीं राहून झटके कसे येतात हेंहि त्या पाहत होत्या. आम्हां शिक्षकांस हें समजावयास वेळ लागत नाहीं. शाळातपासणीच्या दिवशीं इन्स्पेक्टरसाहेबांस जी उत्तरें ऐकूं येतात तीं कोणी शिकवून ठेविलेलीं असतात, हें त्यांच्याखेरीज सर्वांस माहीत असतें. नान्सी येथील प्रोफेसर बर्नहाइम यांनीं हेंच दाखवून दिलें, कीं या तीन अवस्था रोगाच्या नसून सूचनेच्या आहेत.

१८९२ सालीं श्रद्धेनें होणाऱ्या रोगमुक्तीवर शार्को यांनीं एक निबंध लिहिला. ते स्वतः देवधर्माकडे फारसे वळलेले नव्हते. तरी अशा रोगमुक्तीची त्यांनीं थट्टा केली नाहीं, आणि मनाचें शरीरावर एवढें सामर्थ्य चालतें हें मान्य केलें. हिस्टीरियाविषयींचें आपलें सर्व लिखाण पुन्हां तपासलें पाहिजे, असें ते अखेरच्या दिवसांत बोलल्याचें त्यांच्या चिटणिसानें नमूद केलें आहे. तें करावयास वेळ मिळाला नाहीं. १६ ऑगस्ट १८९३ रोजीं मोर्व्हां प्रांतांत प्रवासांत असतां ते वारले.

तीन वर्षांनीं, १८९६ सालीं, बाबिन्स्की यांनीं एक लहानशी गोष्ट प्रसिद्ध केली. मेंदूपासून स्नायूंकडे जाणारा मार्ग खरोखरच बिघडला असेल तर तळव्याच्या कडेवरून बोथट टोंक ओढतांच मोठ्या माणसाच्या पायाचा अंगठा वर उचलला जातो. हिस्टीरियाच्या लकव्यांत तसें होत नाहीं. गुरूंना जो भेद उघडा डोळा ठेवून सांपडला नाहीं तो असा शिष्याच्या हातीं एका अंगठ्यांत लागला. कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. आजहि डॉक्टर लकव्याच्या रोग्याचा मोजा काढावयास सांगून प्रथम तिकडेच पाहतात.