गोळीचे तोळेमासे

बालाघाटाच्या डोंगररांगा जेथे उतरत उतरत ज्वारी-तुरीच्या रानांत मिसळून जातात, त्या बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील एका शेतावरच्या आखाड्यावर मार्गशीर्षाच्या एका रात्री जागलीला बसण्याचा योग मला आला होता. यजमानांजवळ वडिलोपार्जित .३१५ बोअरची रायफल होती, तिचा परवाना होता, आणि पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांविरुद्ध वन खात्याकडून रीतसर मिळालेला लेखी हुकूमही होता. डुकरे तेवढी त्या रात्री फिरकली नाहीत. पहाटे घोंगडीवर काडतुसे मांडून मोजता मोजता त्यांनी विचारले, "पाव्हणं, ही जुनीच ठिवावी, का मोठ्या बोअरची नवी घ्यावी? तुम्ही बुकं वाचता, सांगा."

त्या वेळी मी काही तरी मोघम बोलून वेळ मारून नेली. परंतु त्यांनी तळहातावर ठेवलेले ते काडतूस माझ्या मनातून गेले नाही. बोटभर लांबीची पितळी नळकांडी, बुडाशी बाहेर आलेला काठ, त्या बुडावर खडकीच्या कारखान्याची 'के. एफ.' ही अक्षरे, आणि तोंडाशी तांब्याच्या वेष्टणातून किंचित डोकावणारे बोथट, करड्या रंगाचे शिसे. गोळीचे वजन इंग्रजी परंपरेने ग्रेनमध्ये सांगतात, आणि ग्रेन म्हटले की सामान्य वाचकाची दृष्टी पुढच्या ओळीवर जाते. पण आपला जुना सराफी तोळा बरोबर १८० ग्रेनांचा आणि मासा १५ ग्रेनांचा, हे एकदा ध्यानात आले म्हणजे सारा हिशोब घरचा होतो. .३१५ची मूळ लष्करी गोळी २४४ ग्रेनांची, म्हणजे एक तोळा चार मासे. .३०-०६ची प्रचलित गोळी नेमकी एक तोळा. .३७५ मॅग्नमची एक तोळा आठ मासे. आणि ज्या .२७५ रिग्बीने जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तिची गोळी अवघी नऊ मासे! सव्वाशे माणसांचा बळी घेणारे जनावर पाऊण तोळ्याने आडवे झाले, हे मोठ्या बोअरच्या मोहात पडणाऱ्याने प्रथम लक्षात घ्यावे.

नळीच्या व्यासावरून, म्हणजे बोअरवरून, रायफलींचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन वर्ग इंग्रज शिकाऱ्यांनी पाडले होते, आणि ढोबळमानाने .३३ इंचापासून .४० इंचाच्या आसपासपर्यंतचा तो मध्यम वर्ग ते समजत. या न्यायाने .३१५ ही मध्यम वर्गाच्या उंबरठ्यावर उभी आहे, आत आलेली नाही. पण ती उंबरठ्यावर तरी कशी आली, ही कथा दारूगोळ्यापेक्षा सरकारी धोरणाची अधिक आहे. इंग्रज सरकारला आपल्या फौजेच्या काडतुसांनी आपल्यावरच गोळ्या झाडल्या जातील हे भय अहर्निश असे, म्हणून फौजेची .३०३ रयतेला वर्ज्य झाली, आणि १९०७ साली .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या मापाच्या गोळ्या उपयोगी पडत. या एका मनाईसरशी विलायतेतील बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापे जन्माला घातली. वाघाची कातडी पूर्वीइतकीच जाड होती, बदलला होता तो कायदा. त्याच न्यायाने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस, जे इंग्रज फौजेत कोठेच नव्हते, ते रयतेच्या हाती देण्यास निर्धोक ठरले, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने ली-एनफिल्डच्या धाटणीवर त्यासाठी रायफल बनवली, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या आयुध निर्माण्यांनी तीच परंपरा पुढे चालवली. .३०३ आजही प्रतिबंधित बोअरांतच मोडते. दरम्यान राजवटी बदलल्या: निजामाच्या अमलातला आमचा बीड जिल्हा १९४८ साली मोकळा झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पण आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याने कोणते काडतूस भरावे हे व्हिएन्नातील कोणा लष्करी तंत्रज्ञाने आणि लंडनमधील कोणा कारकुनाने मिळून ठरवून ठेवलेले आहे, त्यात अद्याप बदल झालेला नाही.

आता गुणदोष पाहू. .३१५ची गोळी जड आणि संथ: नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर, तर .३०-०६चा आठशेच्या वर. शंभर मीटरांवर नेम बसवला, तर दोनशे मीटरांवर .३१५ वीत-दीड वीत खाली पडते आणि .३०-०६ पाच-सहा बोटे. पंजाबच्या मोकळ्या मैदानात किंवा हिमालयाच्या कड्यावर हा फरक निर्णायक ठरेल. पण उसाच्या फडाच्या कडेला किंवा तुरीच्या दोन तासांमधून डुक्कर दिसते ते चाळीस-पन्नास पावलांवर, तेही क्षणभर, आणि तेथे हा सारा वेग केवळ कागदावर राहतो. उलट जवळच्या अंतरावर हलकी, वेगवान गोळी हाडावर आदळताच फुटून विखुरण्याचा संभव असतो, आणि थोराड नराच्या खांद्यावर तर ढालीसारखा चिवट, जाड थर असतो. व्यासाच्या मानाने लांब आणि जड गोळी, वेग बेताचा असला तरी, सरळ आत शिरत जाते. एक तोळा चार माशांचे महत्त्व ते येथे.

.३०-०६ वाईट आहे असे मी म्हणणार नाही. १९०६ साली अमेरिकी फौजेसाठी निघालेले हे काडतूस जगभर शिकारीत रुळले, आपल्या सरकारी निर्माण्यांनीही त्या बोअरची रायफल बनवली, आणि रोह्यासारख्या दोनशे किलोंहून अधिक भरणाऱ्या जनावराला थोड्या लांबून गाठायचे असेल तर ती .३१५पेक्षा सरस आहे, हे मान्य करणे भाग आहे. खऱ्या मध्यम बोअरची राणी मात्र हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली काढलेली .३७५ मॅग्नम. हरणापासून हत्तीपर्यंत सर्व काही तिच्या आवाक्यात येते, म्हणून आफ्रिकेत तिचे नाव आदराने घेतात. परंतु तिचा मुखाशी असलेला जोर .३१५च्या जवळजवळ दुप्पट आणि खांद्याला बसणारा धक्काही .३०-०६च्या दुपटीला भिडणारा. आपल्याकडे ती बहुधा कोणा संस्थानिकाच्या कोठीतून हातोहात फिरत आलेली, जुनी आणि महाग मिळते. काडतुसे तर परदेशी आणि दुर्मिळ. ज्या रायफलीची गोळी वाया जाईल म्हणून मालक सरावालाच धजत नाही, ती रायफल संकटसमयी दगा देणारच. .३१५ची काडतुसे खडकीत होतात, आणि खडकी बीडपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. माझ्या लेखी हा गुण सेकंदामागे शे-दोनशे मीटरांच्या जादा वेगाहून मोठा आहे.

बारा बोअरची दुनळी हा चौथा पर्याय खेड्यापाड्यांत अधिक आढळतो. एक पौंड शिशाचे बारा गोळे केले असता एका गोळ्याचा जो व्यास होईल तो तिचा बोअर. म्हणजे गोळा सव्वातीन तोळ्यांचा! वजन दांडगे, पण नळी गुळगुळीत, त्यामुळे चाळीस-पन्नास पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. मोठे छर्रे भरून अंधारात अंदाजाने बार टाकणारे लोक जखमी डुक्कर रानात सोडून देतात, आणि सकाळी त्याची गाठ पडते ती खुरपणीला आलेल्या बायांशी.

शिकारीच्या पुस्तकांत क्वचितच आढळणारी, परंतु बीड जिल्ह्यात सर्वांत आधी विचारायची बाब अशी की, चुकलेली गोळी जाते कोठे? रायफलीची गोळी अडवणारे काही नसेल तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, आणि आपल्या रानांत एवढ्या अंतरावर वस्ती नाही असे ठिकाण विरळा. त्यातून बालाघाटाचा काळा पाषाण: त्यावर तिरपी बसलेली गोळी कोणत्या दिशेला उसळेल याचा नेम नाही. म्हणून माळ्यावर उंच बसून खाली, नांगरट मातीच्या दिशेने मारणे हाच सुज्ञ मार्ग. समोर क्षितिज दिसत असेल, तर चापावरचे बोट काढावे, मग बोअर कोणताही असो.

आमच्या जिल्ह्यात शस्त्र म्हटले की हल्ली लोकांना कमरेचे पिस्तूलच आठवते, आणि २०२५च्या आरंभी बाराशेंहून अधिक परवान्यांची चर्चा वृत्तपत्रांतून गाजली तेव्हा त्यांतील किती शस्त्रांनी कधी डुक्कर पाहिले असेल, हा प्रश्न मला पडल्यावाचून राहिला नाही. परवाना म्हणजे शिकारीची सनद नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत असल्याने, उभ्या पिकाला उपद्रव झाल्यास कारणे नमूद केलेला लेखी हुकूम अधिकाऱ्याकडून मिळू शकतो. काळवीट, मोर आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत. त्यांच्याबाबत केवळ मुख्य वन्यजीव रक्षकाचा अधिकार, आणि तोही जनावर माणसाच्या जिवावर उठले किंवा असाध्य जायबंदी वा रोगग्रस्त झाले तरच. २०२० सालच्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात माणसे मारणारा बिबट्या डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात गोळीने मारला गेला, तो अशा हुकमानेच. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि निवडणूक लागली की तीही बहुधा ठाण्यात जमा. तेव्हा "एक याला, एक त्याला" अशी चैन राहिलेली नाही.

आखाड्यावरच्या त्या यजमानांना त्या पहाटे जे सांगायचे राहिले ते आता सांगतो. जुनी .३१५ ठेवा, तिची नळी आतून गंजलेली नाही ना हे जाणकाराकडून तपासून घ्या, अधिकृत मैदानावर वर्षाकाठी वीस-पंचवीस काडतुसे सरावात खर्च करा, आणि .३७५साठी बाजूला काढलेले पैसे तुरीभोवतीच्या कुंपणाला घाला.