टायमरला आकडा देण्याआधी

वडोदऱ्याच्या सयाजीगंजमधील कमाटीबागेत फुलांचे घड्याळ आहे. झाडाफुलांच्या तबकडीवर काटे फिरताना दिसतात. ते फिरवणारे यंत्र मात्र जमिनीखाली आहे. हातातला मोबाइल, एटीएम, शेजारच्या रेल्वे स्थानकावरचे गाड्यांचे फलक, या सगळ्यांच्या पोटातही अशीच न दिसणारी घड्याळे चालू असतात. त्यांना टायमर म्हणतात. किती वेळाने काय करायचे हे टायमरला सांगायचे काम ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा हुकूम चिपला समजेल अशा भाषेत पोहोचवणारा प्रोग्राम. त्याने दिलेला आकडा चिप मुकाट्याने मान्य करते. तो शहाणपणाचा आहे का, हे ती कधीच विचारत नाही. म्हणून तो प्रश्न ड्रायव्हरलाच विचारावा लागतो.

न विचारल्यास काय होते, ते साध्या गणिताने पाहता येते. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पीसीत इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. तिला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. तिचा काउंटर मात्र १६ बिटांचा, म्हणजे एका दमात जास्तीत जास्त ६५,५३६ ठोके मोजणारा. हा काळ जेमतेम ५५ मिलिसेकंदांचा. आता कुणी एक सेकंदाची मुदत मागितली आणि ड्रायव्हरने आकडा न तपासता पुढे सरकवला, तर चिपमध्ये ११,९३,१८२ चे फक्त शेवटचे १६ बिट उतरतात. ते होतात १३,५३४. एका सेकंदाने मिळायचा इशारा सुमारे ११ मिलिसेकंदांतच मिळतो आणि चूक झाल्याची सूचना कुठेही येत नाही. त्याच चिपमध्ये ० भरले तर ती थांबत नाही. शून्याचा अर्थ ती ६५,५३६ असा घेते. सर्वांत लहान दिसणारा आकडा सर्वांत लांब मुदत देतो.

शून्याने याहून मोठे नुकसानही केले आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील स्क्रीनच्या काही जुन्या ड्रायव्हरांना एका पिक्सेलला लागणारा वेळ बाहेरचा प्रोग्राम कळवतो आणि ड्रायव्हर त्या आकड्याने भागाकार करतो. तिथे ० आले की कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, कोसळे. वेडेवाकडे आकडे फेकून चाचणी घेणाऱ्या फझर साधनांनी २०२१ च्या सुमारास अशा अनेक जागा दाखवून दिल्या. दुरुस्ती दोन-तीन ओळींची होती: आकडा शून्य असेल तर विनंती नाकारा.

मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो वॉचडॉग टायमर. ठरलेल्या मुदतीत प्रोग्रामने ‘मी जागा आहे’ असे कळवले नाही, तर हा टायमर यंत्र पुन्हा सुरू करतो. मुदत फार कमी ठेवली तर यंत्र उभे राहण्याआधीच पुन्हा बंद होईल, आणि तेच चक्र चालू राहील. फार जास्त ठेवली तर राखणदार असून नसल्यासारखा. लिनक्सच्या वॉचडॉग चौकटीत ड्रायव्हर आपली किमान आणि कमाल मर्यादा आधीच जाहीर करू शकतो. त्याबाहेरची मागणी आली की ‘अवैध मूल्य’ असा त्रुटीसंकेत परत जातो. पण मर्यादेत बसणारा प्रत्येक आकडाही चिपला जमतोच असे नाही. लिनक्सच्या दस्तऐवजात याचे नेमके उदाहरण आहे: मागणी ४५ सेकंदांची, पण उपकरण फक्त पूर्ण मिनिटे मोजणारे, तर मुदत ६० सेकंदांची लागते. अशा वेळी प्रत्यक्षात लागलेली मुदत ड्रायव्हरने परत सांगायची असते. आकडा नाकारण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाचे हे खरे उत्तर आहे. कारण वरचा प्रोग्राम पुढचा सगळा हिशेब त्यावरच मांडतो.

काही चुका आकडा भरताना दिसत नाहीत, त्या काळाने उघड होतात. ३२ बिटांच्या काउंटरने मिलिसेकंद मोजले तर तो ४९.७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ सलग तेवढे दिवस चालू राहिले की गोठायचे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ विमानांबद्दल आदेश काढला: सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिल्यास जनरेटर नियंत्रकांतील काउंटर ओसंडून विमानाची वीज जाऊ शकते, म्हणून वीजपुरवठा अधूनमधून बंद करावा. २४८ दिवस कुठल्या प्रयोगशाळेत कोण थांबणार? लिनक्सच्या कर्नलकारांनी यावर सुरेख तोड काढली. त्यांचा ठोके मोजणारा काउंटर शून्यापासून सुरू होतच नाही. त्याचे ३२ बिट भरायला पाच मिनिटे उरलेली असतात, तिथून तो सुरू होतो. त्यामुळे कित्येक दिवसांनी येणारी चूक पाचव्या मिनिटाला समोर येते.

लिनक्सचा हा सगळा कोड खुला आहे. सयाजीगंजमधील विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत असो वा पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत, संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी लिनक्सच्या ड्रायव्हरांमधील वॉचडॉगचे फोल्डर एकदा जरूर उघडून वाचावे. आणि स्वतः ड्रायव्हर लिहाल तेव्हा पहिली चाचणी नेहमीच्या आकड्याने घेऊ नका. शून्य, ऋण संख्या, किमान मर्यादेच्या एक खाली, कमाल मर्यादेच्या एक वर आणि काउंटर भरण्याचा क्षण, हे पाच आकडे आधी द्या.