ऑपरेशन मुंबईत, पुढची वर्षं मोहोपाड्यात

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची बातमी नेहमी किलोंची असते. सहा महिन्यांत किती उतरले, वर्षात किती उतरले, जुन्या फोटोशेजारी नवा फोटो. पाचव्या किंवा दहाव्या वर्षी त्या माणसाचं काय झालं, हे सहसा कुणी छापत नाही. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, आणि ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द महाराष्ट्रातल्या अनेक घरांत त्या बातमीनंच पोचला. २०२२ साली उज्जैनच्या सभेत त्यांनी सांगितलं की आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. खरी गोष्ट या दोन तारखांच्या मधल्या वर्षांत घडते. रायगडच्या रसायनी-पाताळगंगा या कारखान्यांच्या पट्ट्यात तीन शिफ्टमध्ये राबणाऱ्या कामगारासाठी, किंवा त्याच्या डब्याच्या वेळा सांभाळत स्वतः अवेळी जेवणाऱ्या घरातल्या बाईसाठी, ती वर्षं फार वेगळी असतात. ऑपरेशननंतर वजन परत चढलं की आपण त्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते हे चूक आहे, आणि अन्यायाचंही आहे. वजन थोडं परत चढणं हा शरीराचा स्वभाव आहे. ते फार चढतं तेव्हा बहुतेकदा देखरेखही तुटलेली असते. ती देखरेख मुंबईच्या हॉस्पिटलवर न सोडता रुग्ण राहतो तिथे आणायला हवी.

आधी पुरावा पाहू. या विषयावरचा सर्वांत मोलाचा अभ्यास स्वीडनचा. १९८७पासून २००१पर्यंत तिथे लठ्ठ रुग्णांचे दोन गट नोंदवले गेले: एकाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जठराची बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे १२० किलोचा माणूस साधारण ८२पर्यंत उतरतो आणि दहा वर्षांनी ९०च्या आसपास असतो. हे आठ किलो म्हणजे अपयश नव्हे, हा अपेक्षित प्रवास आहे. पण ऑपरेशनच्या आधी कुणी तो समजावून सांगितला नसेल, तर चौथ्या वर्षी काट्यावर तीन किलो वाढलेले दिसताच माणूस हबकतो, शरमतो आणि डॉक्टरांकडे जाणंच बंद करतो. त्यानंतर जे चढतं, ते रोखायला कुणीच उरत नाही. अमेरिकेतल्या युटाहमध्ये बायपासच्या रुग्णांचा बारा वर्षं पाठपुरावा झाला. दोन वर्षांनी सरासरी घट ४५ किलो होती, सहाव्या वर्षी ३६, आणि बाराव्या वर्षी ३५. वजन परत चढतं ते मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या वर्षात. पुढे वजन बऱ्यापैकी स्थिरावतं. म्हणून माणसाला सोबत लागते ती नेमकी या काळात, आणि आपल्याकडे पाठपुरावाही साधारण याच काळात विरतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पथ्य आणि व्यायाम जन्मभर करायचाच असेल, तर पोट कापून घ्यायचं कशाला? उत्तर त्याच स्वीडिश अभ्यासात आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचं सरासरी वजन सगळ्या वर्षांत दोन-तीन टक्क्यांच्या आतच हललं. त्यांना सल्ला मिळत नव्हता असं नाही. पण वजन उतरलं की शरीर त्याला उपासमार समजतं: भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आखडतं. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक डाएट करून बारीक झालेल्या माणसात वर्षभरानंतरही वाढलेलंच राहतं, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासानं २०११ साली दाखवलं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, आणि घ्रेलिन मुख्यतः तयार होतं तो भाग त्यातच जातो. म्हणून पहिल्या वर्षी भूक खरोखरच मरते. पथ्य तेव्हा सोपं वाटतं, कारण ते जवळजवळ आपोआप होत असतं. पुढे उरलेली नळी थोडी सैलावते, भूक परत बोलू लागते, आणि आधी जे आपोआप होत होतं ते आता ठरवून करावं लागतं. फिनलंडमध्ये दोन्ही शस्त्रक्रियांची दहा वर्षांनी तुलना केली, तेव्हा जादा वजनापैकी स्लीव्हनंतर ४३.५ टक्के आणि बायपासनंतर ५०.७ टक्के वजन उतरलेलं राहिलं होतं. आपल्याकडे स्लीव्हच जास्त होते, तेव्हा आपल्या रुग्णांना सोबतीची गरज काकणभर जास्तच आहे.

आता ही ‘ठरवून करायची’ वर्षं रसायनीच्या दिनक्रमात ठेवून पाहा. आठवडा फर्स्टचा, मग सेकंड, मग नाईट. झोपेची आणि जेवणाची वेळ उलटली की तृप्तीची जाणीव देणारं लेप्टिन घटतं आणि रक्तातली साखर चढते, हे प्रयोगशाळेत निरोगी माणसांवरही दिसलं आहे. रात्री तीन वाजता प्लांटवर डोळे उघडे ठेवायला गोड चहा आणि बिस्किटं लागतात. लहान झालेल्या जठराला भाकरी, सुकं चिकन, भात यांनी लवकर तडस लागते. पण चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम, सरबत घशाखाली सहज उतरतं आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाही. शस्त्रक्रियेनं लावलेला अडसर नेमका या पदार्थांना अडवत नाही. उपवासाचंही तसंच. चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर तळलेले वेफर्स. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. तो अनेकांच्या जगण्याचा आधार असतो. पण ताक, दूध, पनीर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी यांवरही उपवास निभतो, आणि हे ऑपरेशननंतरच्या आहारतक्त्यात मराठीत छापलेलं असायला हवं.

प्रथिनांचा आग्रह मी धरतो, त्याला आपल्या मातीतलं कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेली माणसं. शस्त्रक्रियेनंतर झपाट्यानं वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की विश्रांतीतला शरीराचा खर्चही घटतो. वजन परत चढायची वाट तिथूनच मोकळी होते. रोज साठ-ऐंशी ग्रॅम प्रथिनं घ्या, असा सल्ला साधारणपणे देतात. रायगडात ते अवघड नाही: अंडी, मासे, कोळंबी, वालाचं बिरडं, डाळ, दही. सुकट-बोंबलांत प्रथिनं भरपूर, फक्त मिठाकडे लक्ष हवं. पानात पहिला घास यांचा आणि भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी फरक पडतो. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांचा व्यायाम. प्लांटमधली पायपीट चांगलीच, पण तिनं स्नायू वाढत नाहीत.

काट्यावर न दिसणाऱ्या गोष्टी याहून गंभीर आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि दरवर्षी रक्त तपासावं लागतं. ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या सोडलेल्या माणसाला काही वर्षांनी मुंग्या येतात, थकवा येतो, आणि त्याचा संबंध जुन्या ऑपरेशनशी जोडायचं कुणाला सुचत नाही. बायपासनंतर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. कंबर धरली म्हणून नाईटला जाण्याआधी मेडिकलमधून गोळी घेणाऱ्यानं हे माहीत करून घ्यायलाच हवं. दारू लवकर चढते, आणि दारूचं व्यसन दुसऱ्या वर्षापासून वाढलेलं अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं आहे. युटाहमधल्याच २००७च्या दुसऱ्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये आजारांनी होणारे मृत्यू बरेच घटले होते, पण अपघात, आत्महत्या अशा कारणांचे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. खाण्याचा विसावा काढून घेतल्यावर मनाला दुसरा विसावा मिळाला का, हे विचारणारं माणूस या उपचारात हवंच.

ते माणूस कुठून आणायचं? ऑपरेशन होतं मुंबईत किंवा नवी मुंबईत. रोहा मार्गावरच्या मोजक्या गाड्यांपैकी एक धरायची किंवा रिक्षा-बसनं पनवेल गाठायचं, पुढे लोकल, आणि एक दिवसाचा पगार बुडवायचा. हे दहा वर्षं कोण करील? विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून ठरावीक गंभीर आजार असतील, तर आरोग्यविम्यात ऑपरेशनचा खर्च बसू शकतो. पण आहारतज्ज्ञाची फी, दरवर्षीची रक्ततपासणी, जन्मभराच्या गोळ्या यांतलं बरंचसं खिशातून जातं. एका दिवसाला पैसे आहेत, वीस वर्षांना नाहीत.

पण रसायनीकडे असं काही आहे, जे बहुतेक गावांकडे नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण आलं आणि अशा कारखान्यांतल्या कामगारांची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद सक्तीची झाली. म्हणजे या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत वजन, रक्तदाब, रक्त हे सगळं साधारणपणे ठरावीक काळानं तपासलं जातं. त्याच रक्तात बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व पाहिलं, कंपनी डॉक्टरांना ऑपरेशनचा एक पानी गोषवारा मिळाला, आणि वजन नीचांकापेक्षा ठरावीक टक्क्यांनी वाढताच सर्जनला फोन गेला, तर मुंबईच्या बहुतेक खेपा वाचतात. कँटीनमध्ये नाईटला उकडलेली अंडी आणि बिनसाखरेचा चहा ठेवायला तर काहीच अडचण नसावी.

यावरची शंका मला टाळायची नाही. कंपनी डॉक्टरला सगळं कळलं तर उद्या ‘अनफिट’ ठरवतील, ही भीती कामगाराच्या मनात असते आणि ती निराधार नाही. म्हणून ऑपरेशनची माहिती कामगाराच्या लेखी संमतीनंच द्यावी, गोषवारा त्याच्याजवळ राहावा, आणि नोकरीच्या निर्णयात तो वापरता येऊ नये. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. २०१७ साली केंद्र सरकारनं हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचे रसायनीतले बहुतेक प्रकल्प बंद करायचं ठरवलं. अशा कायम नोकऱ्यांच्या जागी आलेला कंत्राटी कामगार ठेकेदार बदलला की नोंदीतूनही निसटतो, आणि घरच्या बाईचं नाव तर कारखान्याच्या नोंदीत मुळातच नसतं. त्यांच्यासाठी इथल्या मोहोपाड्याचे खासगी डॉक्टर आणि चौकचं ग्रामीण रुग्णालय यांनाच या रुग्णांची भाषा शिकवावी लागेल.

कर्जत-खालापुरातल्या कातकरी वाड्यांवर मुलं कुपोषित असताना लठ्ठपणाची चिंता कशाला, असंही विचारलं जाईल. वाड्यांवरच्या मुलांचा हक्क पहिला, यात मला शंका नाही. पण मी मागतो आहे ते नवं हॉस्पिटल नाही. होत असलेल्या तपासणीत चार रकाने आणि एक फोन. याज्ञिकांच्याच कामानं हेही दाखवलं की आईच्या पोटात अर्धपोटी वाढलेलं मूल पुढे मधुमेहाकडे झुकतं. वाडीवरचं बाळ आणि प्लांटवरचा मधुमेही ही दोन वेगळी जगं नाहीत. शेवटचा आक्षेप औषधांचा. २०२५ साली भारतात आलेल्या माउंजारो आणि वेगोवी या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे ऑपरेशनच कालबाह्य होईल, असंही काही जण म्हणतात. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांचा पुढे पाठपुरावा केल्यावर आढळलं. वजन परत चढू लागलेल्या ऑपरेशनच्या रुग्णांनाही आता ही इंजेक्शनं दिली जातात. ती केव्हा सुरू करायची, किती काळ द्यायची आणि महिन्याचा खर्च झेपेनासा झाला तर काय करायचं, हे त्या माणसाला दर महिन्याला पाहणाऱ्या डॉक्टरलाच ठरवता येईल, आणि तो डॉक्टर पनवेलच्या अलीकडे असला पाहिजे.